पिल्लांचा कणा प्रत्येक बॅचमध्ये वाकतोय? व्हिटॅमिन डी देण्याआधी पाणी आणि खाद्य तपासा

गोल्डफिशच्या पिल्लांची बॅच पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत सगळं सुरळीत चाललेलं असतं. पिल्लं खातात, वाढतात, त्यांच्यात रंग उतरायला लागलेला असतो. मग एके दिवशी पाणी बदलताना दोन-तीन पिल्लं जरा वेगळी पोहताना दिसतात. शेपटीकडचा भाग खाली झुकलेला, पाठीच्या मध्यावर किंचित खळगा. आठवड्याभरात अशी दहा-बारा होतात. काहींच्या कल्ल्यांवरची झाकणं आखूड राहतात आणि बाजूने लालभडक कल्ले उघडे दिसतात. पुढच्या बॅचमध्ये पुन्हा तेच.

माझ्याकडे सलग चार बॅचमध्ये हे झालं. तिसऱ्या बॅचला मला वाटलं की उत्तर सापडलं, आणि चौथीने ते खोटं ठरवलं. नेमकं काय चुकलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण वाकड्या पिल्लांना व्हिटॅमिन डी द्या, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. गोल्डफिश, कोय, डॅनिओ, बार्ब ही सगळी कार्प कुळातली मंडळी पाळणाऱ्यांना यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. इतर गोड्या पाण्यातल्या माशांनाही बरंचसं पडेल.

आधी नीट बघा

पिल्लू टाकीत पोहत असताना वाकडेपणा नीट कळत नाही. पांढऱ्या टबमध्ये चार बोटं पाणी घ्या, पिल्लं त्यात सोडा आणि टॉर्च वरून न धरता बाजूने, पाण्याच्या पातळीला धरा. पांढऱ्या तळावर सावली पडते आणि कण्याची रेघ लगेच डोळ्यात भरते. वरून बघताना इंग्रजी एस अक्षरासारखं वळण दिसलं तर कणा आडवा वाकला आहे. बाजूने बघताना पाठ खोलगट दिसली तर उभा वाकला आहे. मग झाकणं बघा. निरोगी पिल्लाचं झाकण कल्ल्यावर घट्ट बसतं. ज्याची हाडं कच्ची आहेत त्याच्या झाकणाची कड आत किंवा बाहेर मुडपलेली असते.

वय लिहून ठेवा, हे फार महत्त्वाचं. अंड्यातून बाहेर पडल्या दिवसापासून पिल्लू वाकडं असेल तर कारण मागे आहे: आईबापांत, आईच्या खाण्यात किंवा अंडी उबताना चढलेल्या तापमानात. पिल्लं सरळ जन्मली आणि महिन्या-दीड महिन्याने वाकायला लागली, तर कारण बहुधा तुम्ही रोज टाकीत घालताय त्यात आहे, म्हणजे पाण्यात आणि खाद्यात.

मी काय केलं आणि का फसलं

वाकडा कणा म्हणजे मुडदूस आणि मुडदूस म्हणजे डीची कमतरता, असं माणसावरून धरून मी चालले. दुसऱ्या बॅचला अंड्याच्या टरफलांची पूड खाद्यात मिसळली, फरक पडला नाही. तिसऱ्या बॅचला व्हिटॅमिन डीची ६०,००० आययूची (आययू म्हणजे व्हिटॅमिनची मात्रा मोजायचं एकक) एक कॅप्सूल फोडून, थोड्या तेलात घोळवून, साधारण ३०० ग्रॅम खाद्यावर चोळली. त्या बॅचमध्ये दोनच पिल्लं वाकडी निघाली. मी निश्चिंत झाले. चौथ्या बॅचला तेच खाद्य, तीच मात्रा, आणि पुन्हा डझनभर पिल्लं वाकडी.

तेव्हा टाकीची वही काढून बसले. तिसऱ्या बॅचच्या वेळी खाद्याचं नवं पाकीट फोडलेलं होतं. शिवाय आरओचं यंत्र बिघडल्यामुळे तीन आठवडे टाकीत बोअरचं पाणी जात होतं. चौथ्या बॅचच्या वेळी आरओ दुरुस्त झालेलं होतं आणि तेच पाकीट तीन महिने उघडं होतं. डी दोन्ही वेळा सारखंच होतं. बदलल्या होत्या त्या दोन गोष्टी मी हिशेबातच धरल्या नव्हत्या.

मासा क्षार घेतो कुठून

माणसाला कॅल्शियम जेवणातून मिळतं आणि ते आतड्यातून रक्तात शिरायला डी लागतं. गोड्या पाण्यातला मासा मात्र त्याला लागणाऱ्या कॅल्शियमचा मोठा भाग थेट पाण्यातून, कल्ल्यांतून घेतो. त्याच्या रक्तात क्षार जास्त आणि बाहेरच्या पाण्यात कमी, त्यामुळे पाणी सतत आत शिरत राहतं आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. किडनी पातळ लघवीवाटे पाणी बाहेर टाकते आणि त्यातले क्षार शक्य तितके परत ओढून घेते. राहिलेली तूट कल्ल्यांमधल्या खास पेशी भरून काढतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूला कॅल्शियम आत येण्याची वाट असते आणि आतल्या बाजूला ते रक्तात ढकलणारा पंप.

डीचं काम इथे येतं. डीचं क्रियाशील रूप, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, कल्ल्यांमधली ही वाट वाढवतं. झेब्रा डॅनिओच्या पिल्लांमध्ये हे दिसून आलं आहे. मागूर माशाला डी३ दिल्यावर रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही वाढतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे. उलट बाजूने लगाम ओढायला स्टॅनिओकॅल्सिन नावाचं संप्रेरक असतं. रक्तात कॅल्शियम जास्त झालं की ते कल्ल्यांतून येणारी आवक कमी करतं. ते किडनीजवळच्या ज्या इवल्या गाठींमधून येतं, त्यांचं वर्णन स्टॅनियस यांनी १८३९ मध्येच केलं होतं. त्या गाठी कशासाठी आहेत हे कळायला मात्र शंभरावर वर्षं गेली.

म्हणजे डी आवक वाढवतं, पण माल बाहेर असला तरच. टाकीत निव्वळ आरओचं पाणी असेल तर डी कितीही द्या, कल्ल्यांना ओढून घ्यायला कॅल्शियम जेमतेमच असतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फॉस्फरसचं नेमकं उलटं आहे. पाण्यात तो इतका कमी असतो की माशाला जवळजवळ सगळा खाद्यातूनच मिळवावा लागतो. आणि हाड म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही. माशांमध्ये हाडं कच्ची राहण्यामागे फॉस्फरसची कमतरता हे मोठं कारण असतं, आणि घरी मासे पाळणाऱ्यांपैकी त्याचा विचार फार थोडे जण करतात. मीही केला नव्हता. उलट टरफलांची पूड घालून खाद्यातलं कॅल्शियम भरमसाट वाढवलं. तसं केलं की खाद्यात होता तो फॉस्फरसही नीट शोषला जात नाही.

पहिली तपासणी: पाणी

जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजणारं थेंबांचं किट घ्या. नळीत ५ मिली टाकीचं पाणी, त्यात एकेक थेंब टाकायचा, दर थेंबानंतर नळी हलवायची. लालसर रंग हिरवा झाला की थांबायचं. जितके थेंब, तितके अंश. माझ्या टाकीत दुसऱ्याच थेंबाला रंग हिरवा झाला होता. तो क्षण मला अजून आठवतो, कारण चार बॅचमध्ये मी पीएच, अमोनिया, नायट्रेट सगळं मोजलं होतं आणि जीएच एकदाही नाही.

एक अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. जीएचमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही एकत्र मोजले जातात. केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, वेगळा, तो पीएच सावरून धरतो, त्यावरून कॅल्शियम कळत नाही. घरातलं पाणी मृदू करणारं सॉफ्टनर यंत्र कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतं, त्यामुळे ते पाणीही या कामाचं नाही. जाडं मीठ टाकून जीएच वाढत नाही, कारण त्यात मुख्यतः सोडियमच असतं.

गोल्डफिशच्या पिल्लांसाठी मी जीएच ८ ते १० अंश ठेवते. आरओच्या किंवा फार मृदू पाण्याला १०० लिटरमागे साधारण ११.५ ग्रॅम जिप्सम आणि ५.५ ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घातलं की जीएच ५ अंशांनी वाढतो. जिप्सम म्हणजे शुद्ध कॅल्शियम सल्फेट घ्या, बांधकामाचं प्लास्टर नको. ते सावकाश विरघळतं. मी आदल्या रात्री बादलीत एअर स्टोन लावून ठेवते. टाकीतला फरक मात्र दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त नको. जिथे साधं नळाचं किंवा बोअरचं पाणी पुरेसं जड आहे तिथे क्लोरीन काढून ते आरओत मिसळलं तरी काम होतं, आणि मला विचाराल तर तेच सोपं.

केएच संपून पीएच घसरलेला असेल तर तेही आधी दुरुस्त करा. आम्ल पाण्यात कल्ल्यांमधून क्षार जास्त झिरपतात आणि कॅल्शियम आत घेणंही अवघड होतं.

दुसरी तपासणी: खाद्य

पाकिटावरची घटकांची यादी वाचा. कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं, म्हणजे हाड विरघळवायला लागणारं आम्लही नसतं. त्यामुळे फिशमीलमधल्या हाडांचा फॉस्फरस त्यांच्या अंगी फार कमी लागतो. सोया, गहू, कोंडा यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि तोही माशाला सुटा करता येत नाही. म्हणून लेबलवरचा एकूण फॉस्फरसचा आकडा दिशाभूल करू शकतो. कार्पला पचण्याजोगा फॉस्फरस खाद्याच्या ०.६ ते ०.७ टक्के लागतो. यादीत मोनोकॅल्शियम फॉस्फेट किंवा मोनोसोडियम फॉस्फेट असेल तर उत्तम, कारण ते जठराशिवायही शोषलं जातं. डायकॅल्शियम फॉस्फेट कार्पला त्यामानाने कमी लागू पडतं.

मॅग्नेशियमची गरज थोडी असते, खाद्याच्या ०.०४ ते ०.०६ टक्के. ते कमी पडलं तर कार्पमध्ये वाढ खुंटते, झटके येतात. पाण्यात एप्सम सॉल्ट असेल तर सहसा चिंता नाही.

मग पाकीट कधी फोडलं ते आठवा. व्हिटॅमिन सी कमी पडलं तरी कणा असाच वाकतो, झाकणं आणि कल्ल्यांची कूर्चाही वेडीवाकडी होते, कारण कोलॅजेन तयार व्हायला सी लागतं. हाड म्हणजे कोलॅजेनच्या जाळीत बसलेले क्षार. जाळीच कमकुवत असेल तर क्षार धरणार कुठे? साधं एस्कॉर्बिक आम्ल हवा, उष्णता आणि दमट वातावरणात लवकर नासतं. यादीत एस्कॉर्बिल फॉस्फेट असं काही लिहिलं असेल तर ते बरंच टिकाऊ. पण कोणतंही खाद्य असो, मी आता लहान पाकीट घेते, हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते आणि फोडल्यापासून दोन महिन्यांत संपवते. खाद्याला जुन्या तेलाचा उग्र वास येत असेल तर ते टाकून द्या. खवट तेलात डी, ई आणि सी तिन्ही खराब होतात.

मग डीचं काय?

डीची कमतरता खरी असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. रेनबो ट्राउटला डी नसलेलं खाद्य दिल्यावर पांढरे स्नायू अशक्त झाले, आकडी आली आणि शेपटी खाली झुकली. म्हणजे जे आपल्याला कण्याचं दुखणं वाटतं, ते कधी स्नायूंतल्या कॅल्शियमच्या बिघाडाचंही असतं. चॅनेल कॅटफिशमध्ये वाढ खुंटली आणि शरीरातले क्षार घटले. पण चांगल्या तयार खाद्यात डी३ घातलेलंच असतं आणि ते सीइतकं नाजूक नाही. खरा संशय कुणावर घ्यायचा, तर घरी बनवलेल्या खाद्यावर: उकडलेले मटार, पालक, चरबी काढलेलं मांस, अंड्याचा पांढरा भाग, वर कोणताही व्हिटॅमिन मिक्स नाही. अशा आहारात डी जवळजवळ नसतं.

यूव्हीबी, म्हणजे अंगात डी तयार व्हायला मदत करणाऱ्या अतिनील किरणांचा दिवा लावावा का, असं कासव पाळणारी मंडळी हमखास विचारतात. लावू नका. कासवांना तो लागतो, माशांना डी मुख्यतः खाण्यातूनच मिळतं. निसर्गात ते पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमधून येतं आणि माशाच्या यकृतात साठतं. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी मुडदूस बरा करणारा घटक वेगळा ओळखला तो कॉड माशाच्या यकृताच्या तेलातच. आणि टाकीची काच यूव्हीबी अडवते ती अडवतेच.

मात्रा किती? ट्राउटला किलो खाद्यामागे १,६०० ते २,४०० आययू, चॅनेल कॅटफिशला सुमारे ५००, तिलापियाला सुमारे ३७५ लागतं. एक आययू म्हणजे ०.०२५ मायक्रोग्रॅम. आता माझा हिशेब बघा: ३०० ग्रॅमला ६०,००० म्हणजे किलोला २ लाख आययू, ट्राउटच्या गरजेच्या ऐंशी पटींहून जास्त. मासे डी बऱ्यापैकी सहन करतात, पण त्यालाही मर्यादा आहे. ब्रुक ट्राउटमध्ये अतोनात मात्रेने रक्तातलं कॅल्शियम चढलेलं आढळलं आहे. डी तेलात विरघळतं, यकृतात साठतं. पाणी बदलून ते बाहेर काढता येत नाही.

घरचं खाद्य देत असाल तर असं करा. ६०,००० आययूची कॅप्सूल ६० मिली ताज्या तेलात नीट मिसळा, म्हणजे मिलिलिटरला १,००० आययू झालं. अर्धा किलो कोरड्या खाद्याला यातलं १ मिली पुरतं. डी३च घ्या, डी२ माशांना कमी लागू पडतं. बाटली गडद रंगाची, फ्रिजमध्ये, वर तारीख लिहिलेली. तयार पेलेट देत असाल तर वरून काहीही घालू नका.

हे सगळं ठीक असूनही वाकडी निघाली तर

मोठे मासे वाकडे होऊन खंगत असतील, अंगावर जखमा असतील, तर मायकोबॅक्टेरिया या जिवाणूंच्या संसर्गाचा संशय घ्या. तो हाताला जखम असेल तर माणसालाही लागू शकतो, म्हणून हातमोजे घाला आणि माशांच्या डॉक्टरांना दाखवा. पिल्लांच्या टाकीत फिल्टरचा झोत जोरदार असेल आणि ती दिवसभर प्रवाहाशी झुंजत असतील तर पाठ खोलगट होऊ शकते, मग स्पंज फिल्टर लावा. एकाच जोडीची पिल्लं दर वेळी वाकडी निघत असतील तर नर किंवा मादी बदलून बघा. आणि मादीच्या खाण्याकडे दुर्लक्ष नको. अंडी तयार होताना बलकासाठी जे प्रथिन बनतं ते कॅल्शियम आणि फॉस्फरस सोबत घेऊन जातं, त्यासाठी तिच्या खवल्यांमधलं कॅल्शियमही ओढलं जातं. वारंवार अंडी घालणाऱ्या मादीला मी दोन खेपांमध्ये किमान दोन महिने विश्रांती देते.

नेमकं कारण वेगळं काढायचा माझा भरवशाचा मार्ग एकच. एकाच वेळी घातलेल्या अंड्यांची पिल्लं चार टबमध्ये सारखी वाटा: जुनं पाणी-जुनं खाद्य, जुनं पाणी-नवं खाद्य, नवं पाणी-जुनं खाद्य, नवं पाणी-नवं खाद्य. बाकी सगळं सारखं. पाचव्या बॅचला मी हे केलं. जुनं-जुनं टबमध्ये नेहमीसारखी वाकडी निघाली, नव्या-नव्यामध्ये एकही नाही, आणि मधल्या दोन टबांमध्ये थोडी थोडी. म्हणजे माझ्याकडे पाणी आणि खाद्य दोन्ही दोषी होती. या पाचव्या बॅचच्या चारही टबांमध्ये वरून डी घातलंच नव्हतं.

सुधारणा केल्यावर नवी पिल्लं वाकायची थांबायला तीन-चार आठवडे द्या, तोवर रोज काहीतरी नवीन घालत बसू नका. आधीच वाकलेला कणा मात्र सरळ होत नाही. आखूड झाकण कोवळ्या वयात थोडं भरून येतं, कधी येत नाही. माझ्याकडची तेव्हाची सात वाकडी पिल्लं आता मोठी झाली आहेत. त्यांना उथळ, मंद प्रवाहाच्या टाकीत वेगळं ठेवलं आहे, कारण सरळ माशांसोबत खाद्यासाठीच्या धावपळीत ती मागे पडतात. बुडणारे पेलेट एका कोपऱ्यात टाकते आणि सातही जण आले की नाही ते मोजते. त्यांची अंडी मात्र घेत नाही.